खाज आणायला धरणावर

मी एकदा खाज आणायला धरणावर गेले होते. मुद्दाम. स्कूटरवरून, सोळा-सतरा किलोमीटर, आणि सोबत थालीपिठांचा डबा घेऊन.

लोक धरणावर हवा खायला जातात, फोटो काढायला जातात, काही जण भांडण मिटवायलाही जातात. खाज आणायला गेलेली नाशिक जिल्ह्यातली मी पहिलीच बाई असेन. (जिल्ह्याबाहेरचं मला माहीत नाही.) पण त्यामागे कारण होतं, आणि त्या कारणाचं नाव केतकी.

केतकी माझी धाकटी जाऊ. पाथर्डी फाट्याला एकाच मजल्यावर आमचे समोरासमोर दोन फ्लॅट. एकात मी, माझा नवरा आणि सासूबाई. समोरच्यात सचिन भाऊजी आणि केतकी. सासूबाईंचा पलंग माझ्याकडे, जीव समोर! केतकी पुण्याची. शेलाटी, नितळ, आणि आवाज असा की तिने भाजीवाल्याला "मेथी कशी दिली?" म्हटलं तरी त्याला वाटावं, बाईंनी आपली खुशाली विचारली. वर ती स्वभावानेही चांगली. ज्याचा हेवा करायचा ते माणूस निदान वाईट तरी असावं की नाही? इथे तीही सोय नव्हती.

तर, केतकी नाजूक आहे, हे आमच्या घरात कुणी सिद्ध करत बसत नाही. ते सगळ्यांना मान्यच आहे. ती शिंकली की सासूबाई ओवा भाजायला घेतात, भाऊजी पंखा बंद करतात आणि माझा नवरा समोरच्या दारात जाऊन "काय झालं? काय झालं?" करतो. आणि मी? मी शाळेच्या ऑफिसात क्लार्क, वय सत्तेचाळीस, हाडापेराने मजबूत. मला डेंग्यू झाला होता तेव्हा माझा नवरा फोनवर मित्राला सांगत होता, "हिचं ठीक आहे रे, मला त्या डासाची काळजी वाटते!" आणि सासूबाई उशाशी येऊन मायेने म्हणाल्या होत्या, "मंगल, बरं वाटलं की डाळ शिजायला टाक. घाई नाय."

असो. फेब्रुवारी संपत आला होता. रविवारी आम्ही पाचही जण भाऊजींच्या गाडीतून गंगापूर धरणाच्या मागच्या पाण्यावर गेलो. वांग्याचं भरीत, भाकरी, ठेचा आणि टोपलीभर द्राक्षं. (हे सगळं मी केलं होतं. द्राक्षं सोडून.) जेवणं झाली आणि केतकी म्हणाली, "ताई, पाण्यात उभं राहून एक रील करूया?"

ती अबोली रंगाचा ड्रेस घालून पाण्यात उतरली. जेमतेम पोटऱ्यांपर्यंत. मागे चार बदकं तरंगत होती, त्या पिवळ्या टोकाच्या आणि लाल ठिपक्याच्या चोचीची. त्यांना हळदीकुंकू बदक म्हणतात. सासूबाई काठावरून कौतुकाने म्हणाल्या, "बघा, पोरगी पाण्यात गेली की बदकं पण हळदीकुंकवाला आली!"

मला राहवलं नाही. मीही सलवार वर खोचली आणि तिच्यापेक्षा दोन पावलं आत, गुडघाभर पाण्यात जाऊन उभी राहिले. बदकं उडून गेली.

"वहिनी, जरा बाजूला होता का?" भाऊजी मोबाइल डोळ्यांसमोर धरून ओरडले. "फ्रेममध्ये अंधार येतोय!"

मी बाजूला झाले, पण बाहेर आले नाही. केतकी बाहेर गेली, तिने पाय उन्हात वाळवले, द्राक्षं खाल्ली, तरी मी पाण्यातच. कुणीतरी माझाही फोटो काढेल म्हणून वाट बघत. शेवटी नवऱ्याने गाडीतून हॉर्न वाजवला.

घरी आलो आणि संध्याकाळी समोरच्या फ्लॅटमधून "अहोऽ" अशी आर्त हाक आली. आमच्या घरातून सासूबाई आणि नवरा असे धावले की दोघं दारात अडकले! केतकीच्या दोन्ही पोटऱ्यांवर लाल-लाल पुरळ उठलं होतं. ती खाजवत होती आणि खाजवतानासुद्धा (मी खोटं बोलणार नाही) छान दिसत होती.

मग एकच धावपळ. मजल्यावरच्या पाटीलकाकू आल्या आणि लांबूनच म्हणाल्या, "नागीण आहे. विळखा पूर्ण होऊ देऊ नका." सासूबाईंनी मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली, त्या धुराने सगळेच खोकले. भाऊजींनी पुरळ मोजलं. "चौतीस!" ते हादरून म्हणाले. नवरा मला म्हणाला, "अशी बघत काय उभी आहेस? बर्फ आण!"

मी बर्फ आणायला घरी गेले आणि आधी सलवार वर करून माझे पाय पाहिले. काही नाही! उलटसुलट, दिव्याखाली, चष्मा लावून पाहिले. डाव्या घोट्यावर एकच लाल ठिपका. मी बर्फ घेऊन परत गेले आणि सहज बोलल्यासारखं म्हणाले, "आई, मलाही आलंय वाटतं. हे बघा."

सासूबाईंनी वाकून पाहिलं. "डास हाय तो," त्या म्हणाल्या. "बर्फ दे इकडं."

दुसऱ्या दिवशी त्वचेच्या डॉक्टरांकडेही आम्ही पाचही जण गेलो. पेशंट एक आणि पाहुणे चार! डॉक्टरांनी पाय पाहून विचारलं, "तळ्यात, धरणात उतरला होतात का?"

"हो, काल."

"मग ही स्विमर्स इच. पोहणाऱ्यांची खाज."

इंग्रजी नाव ऐकून सासूबाईंचा चेहरा अभिमानाने उजळला. आमच्या घराण्यात आजवर पित्त आणि वात, यापलीकडे कुणी गेलं नव्हतं.

"पण ही पोहली कुठे, डॉक्टर? नुसती उभी होती," भाऊजी म्हणाले.

"पोहायला लागत नाही. पाण्यात गोगलगायी असतात. त्यांच्यातून बारीक अळ्या बाहेर पडतात, डोळ्यांना दिसत नाहीत. त्या बदकांच्या शोधात असतात. वाटेत माणसाचा पाय लागला की चुकून त्यातच शिरतात आणि तिथे मरून जातात. त्याची ही खाज."

"मरतात? बिचाऱ्या!" सासूबाई म्हणाल्या.

"म्हणजे त्यांनी केतकीला बदक समजलं?" माझ्या नवऱ्याने विचारलं.

"राजहंस समजलं असंल," सासूबाई म्हणाल्या.

मला आता सहन होईना. "पण डॉक्टर, मी हिच्या शेजारीच उभी होते! जास्त खोल पाण्यात! जास्त वेळ! मग मला का नाही?" माझा आवाज जरा चढला असावा, कारण बाहेरच्या नर्सने आत डोकावून पाहिलं. पण विचार करा. ज्या अळ्यांना बदक आणि माणूस यांतला फरक कळत नाही, त्यांनाही केतकी आणि मी यांतला फरक बरोबर कळला होता!

डॉक्टरांनी केतकीला विचारलं, "याआधी कधी अशा पाण्यात गेला होता?"

"लहानपणी मामाकडे सुट्टीत. तलावातच असायचो आम्ही दिवसभर."

"आणि तुम्ही?" हे मला.

"मी पहिल्यांदाच."

"मग बरोबर. पहिल्या वेळी बऱ्याच जणांना काही होत नाही. शरीराची त्यांच्याशी ओळख झालेली नसते. आता पुन्हा उतरलात तर होईल बघा!" डॉक्टर हसून म्हणाले. मग त्यांनी मलम दिलं, खायचा सोडा पाण्यात कालवून लावा म्हणाले, खाजवू नका म्हणाले, हे एकाचं दुसऱ्याला होत नाही म्हणाले, पाण्यातून आल्यावर लगेच टॉवेलने खसखसून अंग पुसत जा म्हणाले. बाकी कुणी काय लक्षात ठेवलं मला माहीत नाही. मी एकच वाक्य लक्षात ठेवलं.

तरी मी लगेच काही केलं नसतं. पण पुढचा आठवडा! केतकी सोफ्यावर, पायांखाली दोन उशा, आणि सासूबाई तिला मऊ भात आणि साजूक तूप चमच्याने भरवतायत. (खाज पायांना होती. हात शाबूत होते.) दोन्ही घरांचा स्वयंपाक माझ्याकडे. गुरुवारी ऑफिसातून आले तर स्वयंपाकघरात माझा नवरा उभा. ओट्यापाशी! हातात वाटी आणि चमचा!

"काय करताय?"

"सोडा कालवतोय. केतकीला लावायला. गुठळी राहिली की तिला टोचतं."

लग्नाला बावीस वर्षं झाली. या माणसाने माझ्यासाठी लिंबू सरबतातली साखरसुद्धा कधी ढवळली नव्हती. मी पर्स खाली ठेवली.

"माझ्यासाठी कालवलंत कधी काही?"

तो ढवळत ढवळत, अगदी सरळ मनाने म्हणाला, "तुला काही झालंय का कधी?"

त्या क्षणी माझं ठरलं. रविवारी धरण!

आता कारण हवं. मी शनिवारी पायातलं एक जोडवं काढून पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकलं आणि जेवताना म्हणाले, "मागच्या रविवारी माझं जोडवं पडलं वाटतं पाण्यात."

"आणि आज सांगतेस?" नवरा म्हणाला. पण सासूबाईंचा घास हातातच राहिला. "जोडवं? सौभाग्याचं लेणं पाण्यात गेलं आणि तू आठवडाभर पोळ्या लाटत बसली? दिल्या, उद्या सकाळीच जा हिला घेऊन!" त्या माझ्या नवऱ्याला म्हणाल्या.

बेत असा होता, की नवऱ्याने काठावर बसून थालीपीठ खायचं आणि मी पाण्यात उभं राहून खाज मिळवायची. रविवारी मी पोचल्या पोचल्या नेमकी जागा निवडली. शेवाळ होतं, बदकंही तिथेच होती. सलवार गुडघ्यांच्याही वर खोचली, उतरले, आणि डोळे मिटून उभी राहिले. (या गं बायांनो. आता ओळख झाली आहे आपली.)

"अगं, शोधतेस की तप करतेस?" काठावरून आवाज आला.

"पायाने चाचपतेय."

"डोळे मिटून? थांब, मी येतो."

"नको! तुम्ही नका येऊ!" मी ओरडले. पण का नको, ते कसं सांगणार? तोवर नवऱ्याने पँट दुमडली, बाह्या वर केल्या आणि डबा बाजूला ठेवून तो पाण्यात उतरलाही.

आणि तो शोधायला लागला. नुसतं पायाने नव्हे, वाकून, दोन्ही हातांनी चिखल उपसून. एक बाटलीचं झाकण सापडलं, एक नारळाची करवंटी. "सापडेल, सापडेल, तू काळजी करू नकोस," तो म्हणत होता. त्याच्या कपाळावर चिखल लागला होता. बावीस वर्षांत हा माणूस माझ्यासाठी एवढा वाकलेला मी पाहिला नव्हता. मला त्याच वेळी सांगायला हवं होतं, की अहो, या बाहेर, जोडवं पर्समध्ये आहे. सांगणारही होते. पण खरं सांगते, बघायला इतकं बरं वाटत होतं की मी अजून पाऊण तास त्याला शोधू दिलं!

शेवटी मी काठावर गेले, त्याची पाठ वळलेली बघून पर्समधून जोडवं काढलं, परत पाण्यात आले, वाकले आणि ओरडले, "सापडलं!"

"बघ!" तो म्हणाला. "मी शोधत होतो तिथेच होतं!"

"अंग पुसून घ्या टॉवेलने," मी अपराधी मनाने म्हणाले. "आणि तू?" त्याने विचारलं. "मला नको. हवा छान आहे."

त्यानेही मग पुसलं नाही. बायकोची सोबत म्हणून. नको तेव्हा यांना संसार सुचतो!

गंगापूर नाक्याच्या सिग्नलला स्कूटर थांबली आणि नवरा एकदम हँडल सोडून कोपर खाजवायला लागला. मग दुसरं कोपर. मग पोटरी. सिग्नल हिरवा झाला, मागचे सगळे हॉर्न वाजवायला लागले, एक रिक्षावाला ओरडला, "ओ काका, घरी जाऊन खाजवा ना!" घरी पोचेस्तोवर त्याचे हात-पाय लालेलाल झाले होते.

"दिल्याऽ!" सासूबाईंनी हंबरडाच फोडला. "अरे, याला लहानपणी गावतळ्यातून काठीनं हाकलून बाहेर काढायला लागायचं! दिवस-दिवस पाण्यात असायचा!" म्हणजे यांची तर जुनी ओळख निघाली! मी बाथरूममध्ये जाऊन दार लावलं आणि माझे पाय तपासले.

काही नाही.

समोरून केतकी तिचं उरलेलं मलम घेऊन धावत आली. भाऊजींनी मोजणी सुरू केली. नवरा सोफ्यावर, हातांखाली उशा, पायांखाली उशा. आमच्या घरातल्या उशा संपल्या म्हणून पाटीलकाकूंकडच्या आणल्या. सासूबाई त्याला भात भरवत होत्या आणि प्रत्येक घासागणिक माझ्याकडे बघत होत्या. "जोडव्यापायी माझं पोर गेलं असतं!"

सोमवारी सकाळी मला जाग आली ती खाजेने. पाय पाहिले. दोन्ही पाय, पाऊल ते मांडीपर्यंत, भरून आले होते! मी मोजले. एकशे बारा! मला इतका आनंद झाला की मी खाजवत खाजवतच बाहेर गेले. "आई! बघा! मलाही झालंय!"

सासूबाई सोडा कालवत होत्या. "असू दे," त्या मान वर न करता म्हणाल्या. "आधी दिल्याचा चहा टाक. त्याला सहन नाय होत."

मी ऑफिसात रजा कळवली आणि चहा टाकला. मग कणीक मळली. आतून आग, वरून खाज, आणि सोफ्यावरून दर पाच मिनिटांनी "अगं मंगल, पंखा जरा वाढव." शेवटी पोळ्या लाटता लाटता मी लाटण्यानेच पोटरी घासायला लागले. काय सुख होतं ते! डोळे मिटले गेले.

"ताई?" दारात केतकी उभी होती. "त्याच लाटण्याने पुढच्या पोळ्या करणार आहात का?"

मी लाटणं लपवलं. तिने सरळ येऊन गॅस बंद केला, मला पाटावर बसवलं आणि सलवार वर केली. "बाप रे! ताई, किती आलेत!"

"एकशे बारा," मी म्हणाले.

"मला तर चौतीसच होते! मी केवढा गोंधळ घातला, आणि तुम्ही एवढं घेऊन पोळ्या करताय?" तिच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. मग मलाही आलं. आणि रडता रडता मी सगळं सांगून टाकलं. जोडवं, पर्स, डॉक्टरांचं वाक्य, सोडा कालवणारा नवरा, सगळं. केतकीने आधी डोळे पुसले. मग तोंडाला ओढणी लावून हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला. (मी घाबरले. आता सासूबाई ओवा भाजणार!) पण ती सावरली आणि दारातून कडक आवाजात म्हणाली, "आई, ते भात भरवणं पुरे. दादांना हात आहेत. ताईंना बघा आधी."

तिच्या गोड गळ्यातून असा आवाज निघतो हे मला माहीत नव्हतं. सासूबाईंनाही नव्हतं. त्या उठून आल्या, चष्मा लावून माझे पाय पाहिले आणि खालीच बसल्या. "अगं मंगल," त्या म्हणाल्या, "एवढं झालं तर बोलायचं नाय का?" आणि त्यांनी माझं पाऊल मांडीवर घेतलं. नवराही सोफ्यावरून उठला, पाहिलं, आणि वाटी घेऊन सोडा कालवायला बसला. गुठळ्या मोडून!

दुपारपर्यंत मी पलंगावर होते. पायांखाली तीन उशा. एक पाटीलकाकूंची. गार पट्ट्या, मलम, द्राक्षांची वाटी. जे जे मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. मी डोळे मिटून पडले.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून फोडणीचा वास आला. माझ्या कढईचा आवाज मला ओळखता येतो. केतकी सगळ्यांसाठी स्वयंपाक करत होती. मग ताटं वाढल्याचे आवाज आले, आणि सासूबाईंचा आवाज. "काय आमटी झालीय गं! आणि पोळी बघ, कशी फुगली! या पोरीला काय येत नाय असं नाय!"

"खरंच, वहिनींपेक्षा मऊ झाल्यात," भाऊजी म्हणाले.

 माझ्या नवऱ्याने अजून एक पोळी मागितली.

मी उशा बाजूला सारल्या, ताडताड स्वयंपाकघरात गेले आणि केतकीच्या हातातलं लाटणं काढून घेतलं. "सरक गं," मी म्हणाले, "थांबली माझी खाज." आणि उजव्या पायाने डावी पोटरी खाजवत पोळ्या लाटायला लागले.